क्लोरीनचा सिलिंडर: साठवण, जोडणी आणि गळती

क्लोरीनच्या खोलीत काम करणाऱ्याने पहिल्यांदा एक गोष्ट मनात पक्की करावी. कोरडा क्लोरीन पोलादाच्या सिलिंडरात शांतपणे राहतो. त्याच क्लोरीनला ओलावा मिळाला की हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस आम्ल तयार होतं आणि तो पोलाद, पितळ, तांबं सगळं खायला लागतो. खाली सांगितलेल्या निम्म्या खबरदाऱ्या ओलावा आत जाऊ नये म्हणून आहेत. उरलेल्या बऱ्याचशा उष्णतेसाठी आहेत.

वाहतुकीच्या कागदांवर क्लोरीनचा यूएन क्रमांक १०१७ असतो आणि त्यापुढे तीन धोके लिहिलेले असतात: विषारी वायू म्हणून २.३, ऑक्सिडीकारक म्हणून ५.१ आणि क्षरणकारी म्हणून ८. विषारीपणा सगळ्यांच्या लक्षात असतो. मधला धोका मात्र विसरला जातो. क्लोरीन स्वतः जळत नाही, पण ऑक्सिजनसारखाच दुसऱ्याला जाळतो. तेल, ग्रीस, टर्पेंटाइन, द्रावकं यांच्याशी त्याची जोरदार, कधी स्फोटक क्रिया होते. हायड्रोजन आणि क्लोरीनचं मिश्रण नुसत्या उन्हानेही पेटू शकतं. अमोनिया जास्त क्लोरीनच्या संपर्कात आला तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा स्फोटक पदार्थ बनतो. तापलेलं पोलादसुद्धा कोरड्या क्लोरीनमध्ये पेटतं, साधारण २५० अंश सेल्सिअसला. म्हणून क्लोरीन भरलेल्या किंवा नीट रिकाम्या न केलेल्या पाइपवर वेल्डिंग करायचं नाही, कितीही छोटा टाका असला तरी. आतला क्लोरीन आणि पाइपचं पोलाद दोन्ही हजर असतात, ज्योत फक्त निमित्त होते.

व्हॉल्व्हचे आटे कडक लागतात म्हणून साधं ग्रीस किंवा तेल लावणं याच कारणाने धोक्याचं आहे. सिलिकॉन ग्रीसही चालत नाही. वंगण लागणारच असेल तर क्लोरीनसाठी प्रमाणित केलेलं फ्लोरीनयुक्त वंगण वापरा. नवीन पाइप किंवा दुरुस्त केलेला व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वी तेलाचा अंश पूर्ण काढा आणि आतून कोरडा करा. टायटॅनियमबद्दल घोळ होतो, तो इथेच मिटवू. ओल्या क्लोरीनला ते उत्तम, पण कोरड्या क्लोरीनमध्ये पेट घेतं. कोरड्या बाजूला कार्बन स्टील, तांबं, मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू). इजेक्टरनंतरच्या (पाण्याच्या झोताने वायू ओढून पाण्यात मिसळणाऱ्या भागानंतरच्या) ओल्या बाजूला पीव्हीसी किंवा फ्लोरोपॉलिमर.

सिलिंडरच्या आत काय असतं

आत द्रव आणि त्यावर वायू असतो. दाब तापमानावर ठरतो, शिल्लक मालावर नाही. २० अंशांना गेजवर साधारण ५.८ बार दिसतात. सिलिंडर पूर्ण भरलेला असो की तळाशी थोडाच द्रव उरलेला असो, आकडा तोच. शेवटचा थेंब उडून गेल्यावर दाब एकदम उतरतो. त्यामुळे किती क्लोरीन उरला हे गेजवरून कळत नाही, वजनकाट्यावरून कळतं. रिकाम्याचं वजन सिलिंडरवर कोरलेलं असतं. काट्यावरून रोजचा खप नोंदवा. हीच नोंद पुढे गळती ओळखायलाही कामी येते, कारण पाण्यात सोडायची मात्रा न वाढवता खप वाढला तर कुठेतरी क्लोरीन वाया जातो आहे.

एक लिटर पाणी मावेल एवढ्या जागेत जास्तीत जास्त १.२५ किलो क्लोरीन भरतात. वरची मोकळी जागा द्रव फुगण्यासाठी असते. तापमान ६८ अंशांच्या आसपास गेलं की ती जागा संपते, सिलिंडर द्रवाने गच्च भरतो आणि त्यापुढे दाब झपाट्याने चढतो. म्हणून सुरक्षेसाठी वितळणारे प्लग बसवतात, जे ७० ते ७४ अंशांच्या दरम्यान वितळतात. लहान सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्येच एक प्लग असतो. टनरच्या, म्हणजे साधारण टनभर क्लोरीनच्या आडव्या सिलिंडरच्या, दोन्ही टोकांना मिळून बहुधा सहा असतात. प्लग वितळला की फक्त फुटणं टळतं, आतला क्लोरीन तर बाहेर येतोच. वायू हळू येतो म्हणून सिलिंडरवर गरम पाणी ओतणं, हीटर लावणं, बत्ती धरणं म्हणजे त्या प्लगला हात घालणं आहे.

हेच पाइपलाही लागू. दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव क्लोरीन अडकला आणि पाइप थोडा तापला तर द्रवाला फुगायला जागा नसते आणि पाइप फाटतो. द्रवाच्या लाइनवर फुटणारी चकती आणि फुगवट्याची कुपी याचसाठी असते. लाइन बंद करताना आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, आतला माल वापरून संपवा, मगच पुढचा व्हॉल्व्ह बंद करा.

साठवण आणि उचल

लहान सिलिंडर उभे आणि साखळीने बांधलेले हवेत. टनर आडवे, एका थरात, पाळण्यावर किंवा रुळांवर, गडगडू नयेत असे अडकवलेले. भरलेले आणि रिकामे वेगळे, प्रत्येकावर पाटी. जुना माल आधी वापरा. ऊन, वाफेचे पाइप, खड्डे, तळघर, लिफ्ट यांपासून दूर ठेवा. अमोनिया, हायड्रोजन, ॲसिटिलीन, तेल आणि आम्लं त्याच खोलीत नकोत. वापरात नसेल तेव्हा व्हॉल्व्हवरची टोपी आणि तोंडावरचं झाकण दोन्ही जागेवर असलं पाहिजे, सिलिंडर रिकामा असला तरी. रिकाम्यातही क्लोरीन उरलेला असतो आणि उघड्या तोंडातून ओलसर हवा आत गेली तर तो आतून सडतो.

सिलिंडर टोपीला धरून किंवा व्हॉल्व्हला दोर बांधून उचलू नका. लोखंडी साखळीचा फास घालू नका, चुंबकी क्रेन वापरू नका. टनरसाठी त्याचाच आडवा बीम आणि दोन्ही टोकांचे आकडे वापरा, आणि प्रत्येक उचलीपूर्वी दोरखंड, आकडा, शॅकल डोळ्यांखालून घाला. २७ जून २०२२ रोजी जॉर्डनमधल्या अकाबा बंदरात क्रेनने उचललेली क्लोरीनची टाकी जहाजाच्या डेकवर पडली आणि १३ जण मरण पावले. तिथे व्हॉल्व्ह, प्लग, जोड यांपैकी कशाचाही दोष नव्हता. उचलीचा दोर तुटला होता.

खोली

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड. तो जमिनीलगत पसरतो, पायऱ्यांवरून खाली उतरतो, गटारात आणि केबलच्या चरात साचतो. म्हणून बाहेर फेकणाऱ्या पंख्याचं तोंड जमिनीजवळ हवं आणि ताजी हवा समोरच्या भिंतीतून वरून यायला हवी. पंखा छताजवळ लावलेला असेल तर तो चालू असूनही कामाचा नाही. पंख्याचं आणि दिव्याचं बटण दाराबाहेर, दार बाहेर उघडणारं, आत डोकावायला काच. पंख्याची हवा जिथे बाहेर पडते तिथे दुसऱ्या खोलीची खिडकी नसावी, हे बांधून झाल्यावर लक्षात येतं आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. डिटेक्टरचा सेन्सर जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आत लावा. छतावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी असावी आणि ती दारातून दिसावी.

नाकावर विसंबून राहू नका. वास ०.१ ते ०.३ पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग क्लोरीन) येऊ लागतो, पण थोड्या वेळाने नाक सरावतं आणि वास कमी झाल्यासारखा वाटतो. कामाच्या जागी कोणत्याही क्षणी १ पीपीएमच्या वर जाऊ नये, अशी अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेची मर्यादा आहे. अनेक ठिकाणी याहून कडक मर्यादा पाळतात आणि ते योग्यच आहे. १० पीपीएमला जिवाला तात्काळ धोका मानतात. ३० च्या आसपास छातीत दुखणं, उलटी, सततचा खोकला. ४० ते ६० ला फुप्फुसांना इजा होऊन त्यांत पाणी भरू शकतं. १००० पीपीएममध्ये काही मिनिटांत मृत्यू.

गळतीपाशी जायचं तर पाठीवर हवेची टाकी असलेला श्वसनसंचच लागतो. कॅनिस्टरचा मास्क पळून बाहेर येण्यापुरता. हवेत किती क्लोरीन आहे हे माहीत नसताना तो घालून आत जाणं म्हणजे भरवसा नसलेल्या पुलावर पाय ठेवणं. श्वसनसंच क्लोरीनच्या खोलीत टांगू नका, गळती झाली तर तो आणायला गळतीतच जावं लागेल. वाऱ्याच्या वरच्या बाजूला वेगळ्या खोलीत ठेवा, दर महिन्याला टाकीचा दाब तपासा. दाढीमुळे मुखवट्याला फट राहते. ज्याला आत जायचं आहे त्याने दाढी करूनच यावं, यात सूट नाही.

सिलिंडर जोडणं

गळती बहुधा इथेच जन्माला येते, म्हणून घाई करू नका. दोघंजण हवेत, एक काम करणारा, एक दाराशी उभा राहणारा. आत जाण्यापूर्वी पंखा लावा, डिटेक्टरचा आकडा बघा. अमोनियाची बाटली, नवे शिशाचे वॉशर आणि पाना हाताशी घ्या.

१. सिलिंडर काट्यावर उभा करून साखळीने बांधा. टनर असेल तर त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकावर एक, एका उभ्या रेषेत येतील असा फिरवा. वरच्या व्हॉल्व्हमधून वायू येतो, खालच्यातून द्रव. वायू घेणाऱ्या क्लोरिनेटरला (क्लोरीन मोजून पाण्यात सोडणाऱ्या यंत्राला) चुकून खालचा व्हॉल्व्ह जोडला तर द्रव आत शिरतो, आतले प्लास्टिकचे भाग खराब होतात, नळीवर बर्फ धरतो.

२. टोपी काढा. स्पिंडल (व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा) बंद आहे याची खात्री करा. मगच तोंडावरचं झाकण बाजूला उभं राहून हळू सैल करा. बारीक फुसफुस आवाज आला तर लगेच परत आवळा.

३. जोडाच्या दोन्ही बाजूंची बैठक कोरड्या कापडाने पुसा. जुना वॉशर पूर्ण निघाला आहे का ते बघा, कधी त्याची चकती चिकटून राहते आणि तिच्यावरच नवा बसवला जातो. मग नवा वॉशर घाला. शिसं मऊ असतं, एकदा दाबलं की त्या जोडाचा ठसा त्यावर उमटतो. दुसऱ्यांदा तोच वॉशर लावला तर ठसा जुळत नाही आणि त्या फटीतून वायू येतो. वॉशर दर जोडणीला नवा.

४. योक (नळी व्हॉल्व्हच्या तोंडाला दाबून धरणारी चौकट) बसवून स्क्रू आवळा. जास्त जोर लावला तर शिसं दबून आतल्या भोकात पसरतं आणि वाट अरुंद होते. व्हॉल्व्हच्या तोंडाचे आटे सरळ असतात, पाइपच्या उतरत्या आट्यांसारखे नसतात. तिथे साधं पाइप फिटिंग फिरवून बसवू नका, आटे खराब होतात.

५. व्हॉल्व्ह पाव फेरा उघडा आणि लगेच बंद करा. आता जोडात थोडाच वायू आहे. तपासणी याच वेळी करा, कारण गळती निघाली तरी निघून निघून तेवढाच निघेल.

तपासणीसाठी प्लास्टिकच्या दाबायच्या बाटलीत तीव्र अमोनियाचं द्रावण अर्ध्यापर्यंत भरा, २४ ते २८ टक्क्यांचं. घरगुती सफाईचा अमोनिया फार पातळ असतो, त्याने लहान गळती दिसत नाही. बाटली उभी धरून हलकीच दाबा, म्हणजे तोंडातून फक्त वाफ येईल. ती वाफ योकभोवती, स्पिंडलच्या मुळाशी, प्लगभोवती, नळीच्या दोन्ही टोकांशी फिरवा. गळती असेल तिथून पांढऱ्या धुराची बारीक रेघ उठते, तो अमोनियम क्लोराइडचा धूर. रेघेचं मूळ शोधा, कारण धूर जरा पुढे सरकलेला असतो. द्रावणाचा थेंब पितळेवर पडू देऊ नका, अमोनिया पितळेला तडे पाडतो.

६. धूर दिसला नाही तर व्हॉल्व्ह एक पूर्ण फेरा उघडा. एका फेऱ्यात पूर्ण प्रवाह मिळतो, त्याहून जास्त उघडून काही मिळत नाही. पाना २०० मिलिमीटरपेक्षा लांब नको. त्याला पाइप जोडून लांबी वाढवू नका. अडलेला व्हॉल्व्ह सोडवायचा तर पाना स्पिंडलवर बसवून त्याच्या टोकावर तळहाताच्या कडेने टक मारा. तरी हलला नाही तर पुरवठादाराकडे परत पाठवा. पाना स्पिंडलवरच राहू द्या, अडचणीच्या वेळी शोधायला लागू नये.

तांब्याची लवचिक नळी दरवेळी जरा वाकवून बघा. आत क्षरण झालं असेल तर वाकवताना ती करकरते. असा आवाज आला की नळी त्याच दिवशी बदला. जोडावर हिरवट थर दिसला किंवा लोखंडावर तांबूस तपकिरी ओल दिसली तर तिथे गळती होती किंवा आहे.

किती वेगाने घ्यायचा

द्रवाचा वायू होताना लागणारी उष्णता सिलिंडरच्या पत्र्यातून, खोलीतल्या हवेकडून येते. तिला वेळ लागतो. खोली २० अंशांना असेल तर १०० किलोच्या सिलिंडरमधून तासाला सुमारे १ किलो आणि टनरमधून सुमारे ७ किलो सतत घेता येतो. त्याहून जास्त ओढला की द्रव गार होतो, दाब पडतो, बाहेर घाम आणि मग बर्फ धरतो, रोटामीटरचा (वायूचा प्रवाह दाखवणाऱ्या काचेच्या नळीचा) मणी खाली येऊ लागतो. तेव्हा उष्णता देऊ नका, दुसरा सिलिंडर जोडा. एकत्र जोडलेले सिलिंडर सारख्याच तापमानाला असावेत. एक उन्हात आणि एक सावलीत असेल तर गरमातला क्लोरीन गारात जाऊन साचतो आणि गार सिलिंडर मर्यादेबाहेर भरतो. याच न्यायाने क्लोरिनेटरची खोली साठवणीच्या खोलीपेक्षा किंचित उबदार ठेवा, नाहीतर वाटेत वायूचा पुन्हा द्रव होतो.

शक्यतो निर्वात पद्धतीचा क्लोरिनेटर वापरा, ज्याचा रेग्युलेटर थेट सिलिंडरवर बसतो. त्याच्या पुढची नळी फुटली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, क्लोरीन बाहेर येत नाही.

संपलेला सिलिंडर काढताना आधी व्हॉल्व्ह बंद करा. इजेक्टर चालूच ठेवा, रोटामीटरचा मणी शून्यावर येऊन बसू द्या, त्यानंतरही पाच मिनिटं थांबा. मणी खाली येत नसेल तर व्हॉल्व्ह नीट बंद झालेला नाही किंवा कुठून तरी हवा आत येते आहे. मग योक सैल करा, सिलिंडरच्या तोंडावर झाकण लावा आणि नळीचं तोंडही लगेच बंद करा. नळी दहा मिनिटं उघडी राहिली तरी तिच्या आतला क्लोरीनचा अंश हवेतला ओलावा ओढून घेतो. सिलिंडर कधीही पूर्ण चोखून घेऊ नका आणि क्लोरीनची नळी थेट पाण्यात सोडू नका. सिलिंडरमधला दाब उतरला की पाणी उलट आत शिरतं, आणि मग तो सिलिंडर आतून खायला लागतो.

गळती झाली तर

डिटेक्टर वाजला की सगळे बाहेर, वाऱ्याच्या आडव्या दिशेने आणि मग वरच्या बाजूला, उंच जागी. खाली वाकून पळू नका, क्लोरीन खालीच असतो. श्वसनसंच घातलेले दोघेच आत जातील, तिसरा तयारीने बाहेर उभा राहील.

गळतीवर पाणी मारू नका. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे, कारण आग असो की धूर, हाताला सवय पाण्याचीच असते. पाण्याने तिथे आम्ल तयार होतं आणि सुईएवढं भोक तासाभरात मोठं होऊ शकतं. शिवाय −३४ अंशांना उकळणाऱ्या द्रवाला पाणी म्हणजे शेगडीच, त्याने वायू आणखी जोरात निघतो. गळका सिलिंडर पाण्याच्या हौदात ढकलणंही तितकंच चूक. आजूबाजूला आग असेल आणि सिलिंडर गळत नसेल, हलवताही येत नसेल, तेव्हाच लांबून पाण्याचा फवारा मारून तो गार ठेवतात.

स्पिंडलच्या मुळाशी गळती असेल तर ग्लँड नट (स्पिंडलभोवतीचं पॅकिंग दाबणारा नट) जरा आवळा, बहुतेक वेळा तेवढ्याने थांबते. नाही थांबली तर व्हॉल्व्ह बंद करा. बंद व्हॉल्व्हच्या तोंडातून येत असेल तर नवा वॉशर घालून झाकण आवळा. प्लग किंवा पत्र्यातून येत असेल तर आधी सिलिंडर असा फिरवा की भोक वर येईल. एक लिटर द्रवापासून ४५० लिटरहून जास्त वायू होतो, त्यामुळे त्याच भोकातून द्रव येण्याऐवजी वायू येऊ लागला की बाहेर पडणारा क्लोरीन कित्येक पटींनी घटतो. मग आपत्कालीन किट लावा: लहान सिलिंडरसाठी ए, टनरसाठी बी, टँकरसाठी सी. किट कपाटात असून भागत नाही, रिकाम्या सिलिंडरवर ते जाड हातमोजे घालून लावण्याचा सराव हवा. प्रक्रिया चालू ठेवता येत असेल तर त्याच सिलिंडरमधून जमेल तितक्या वेगाने क्लोरीन वापरून टाका. तो गार होतो, दाब उतरतो, गळतीही मंदावते.

शोषण्यासाठी कॉस्टिक सोडा. हिशेबाने १ किलो क्लोरीनला १.१३ किलो लागतो, प्रत्यक्षात चौथा हिस्सा जास्त धरा. १०० किलोच्या सिलिंडरसाठी १४० किलो सोडा ५६० लिटर पाण्यात, म्हणजे २० टक्क्यांचं द्रावण. त्याहून घट्ट केलं तर मिठाचे खडे धरून नळ्या तुंबतात. वायू नळीने द्रावणात सोडा, सिलिंडर त्यात बुडवू नका. सोडा आणि पाणी मिसळतानाच द्रावण तापतं, क्लोरीन शोषतानाही तापतं, त्यामुळे ते आधीच तयार करून गार ठेवा. सोडा संपत आला की शोषलेला क्लोरीन पुन्हा बाहेर पडू लागतो, म्हणून मधूनमधून पीएच बघा.

ज्याला वायू लागला त्याला उचलून मोकळ्या हवेत आणा, चालवू नका. श्रमाने ऑक्सिजनची गरज वाढते आणि फुप्फुसं ती भागवू शकत नाहीत. श्वास चालू असेल तर पाठ टेकवून अर्धवट बसवा, ओलसर ऑक्सिजन द्या, घट्ट कपडे सैल करा. कपड्यांना क्लोरीन लागला असेल तर ते काढून त्वचा भरपूर पाण्याने धुवा. डोळे पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटं धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स सहज निघत असेल तर काढून. द्रव लागून गोठलेली जागा चोळू नका. तोंडातून काही पाजू नका. क्लोरीनवर उतारा म्हणून वेगळं औषध नाही, उपचार श्वासाचाच असतो.

खोकला थांबला, माणूस बरा दिसतो म्हणून घरी सोडू नका. फुप्फुसांत पाणी भरायला काही तास लागतात, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. जास्त वायू लागलेल्याला २४ तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा आणि त्याच्याबरोबर एक चिठ्ठी द्या: वायू क्लोरीन, डिटेक्टरवरचा आकडा, किती मिनिटं आत होता, बाहेर कधी काढला, ऑक्सिजन कधी सुरू केला.